दुसरी चावी दाबून पाहिली का?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पावसाळ्यात गाडीचा रिमोट बंद पडला की गॅरेजमधला निकाल ठरलेला: रिसीव्हर (चावीचा सिग्नल पकडणारा गाडीतला डबा) गेला, बदलावा लागेल. पुष्कळदा तो गेलेला नसतो. आधी दोन्ही चाव्या दाबून पाहा. एकच चालत नसेल तर दोष त्या चावीत. सेल सीआर २०३२ असेल आणि मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसत असेल, तर तो बदलून मोकळे व्हा. लहान मुलांनी गाडीपासून लांब बसून बटण शेकडो वेळा दाबलं की रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी बदलणाऱ्या गुप्त आकड्याचा, गाडीशी मेळ तुटतो, तेव्हा रिमोट गाडीला पुन्हा शिकवावा (प्रोग्राम करावा) लागतो, रिसीव्हर बदलून काही होत नाही. दोन्ही चाव्या मुक्या, पण दारावरच्या बटणाने चारही लॉक पडतात, तेव्हा कुठे रिसीव्हरवर संशय घ्यायचा. त्यातही आधी फ्यूज बघा, डॅशकॅम आणि मोबाइलचा स्वस्त चार्जर काढून बघा. त्यांच्या गोंगाटात रिमोटचा सिग्नल बुडतो.

बदलायचाच तर फ्रिक्वेन्सी जुळवा. आपल्याकडे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झचे, अमेरिकेतले ३१५चे. ऑनलाइन मागवलेला डबा हुबेहूब दिसतो, प्लगही बसतो, पण चावीचं ऐकत नाही. काही गाड्यांत रिसीव्हर बीसीएममध्येच (लॉक, दिवे वगैरे सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये) असतो. भंगारातला बीसीएम बहुधा जुन्या गाडीच्याच चेसिस नंबरला बांधलेला निघतो.

प्लगच्या पिनांवर हिरवा गंज दिसला तर पाणी कुठून आलं ते शोधा. एसीची तुंबलेली नळी किंवा काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा हे नेहमीचे गुन्हेगार. बाहेरून बसवलेल्या रिमोट-लॉक किटची अँटेना म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटरची साधी वायर, लहरीच्या लांबीचा पाव भाग. ती गुंडाळून पत्र्याला टाय मारली की रेंज हातभर उरते, आणि बिचाऱ्या रिसीव्हरला शिव्या बसतात!

प्रोग्रामिंगच्या वेळी घरातल्या सगळ्या चाव्या न्या. कित्येक गाड्यांत शिकवणी सुरू होताच जुन्या चाव्या पुसल्या जातात. बॅटरी कमजोर असेल तर चार्जर लावूनच काम करायला सांगा. साध्या चावीच्या गाडीत इमोबिलायझरची (चोरीपासून इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेची) चिप वेगळी असते, त्यामुळे रिसीव्हर मेला तरी इंजिन सुरू होतं. इमोबिलायझरच्या कामाचे वेगळे पैसे लावले तर कारण विचारा. बटण-स्टार्टचं गणित निराळं.

बिलावर पार्ट नंबर आणि शिकवलेल्या चाव्यांची संख्या लिहून घ्या, जुना डबा परत मागा.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सांगली