तक्रार घरघंटीची, उत्तर माझ्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(प्रत माहितीसाठी : संस्थापक साहेब)

विषय : १ एचपी घरघंटी अर्ध्या दळणात बंद पडते, चार तक्रारींनंतरही दुरुस्ती नाही, आणि संस्थापकांनी मला दिलेलं जाहीर उत्तर.

महोदय / महोदया,

गेल्या दिवाळीच्या आधी मी आपल्या कंपनीची घरघंटी घेतली. किंमत २६,९९० रुपये, एकरकमी भरले. बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आम्ही सांगलीत राहतो. घरात चार माणसं आणि रोजची ज्वारीची भाकरी, त्यामुळे आठवड्याला पाच-सहा किलोचं दळण ठरलेलं. गुडघ्यांमुळे गिरणीपर्यंत डबा नेणं होईना, म्हणून मुलाने हट्टाने हे यंत्र घ्यायला लावलं. जाहिरातीत होतं, पाच किलो धान्य ओता आणि विसरून जा. पहिले दोन महिने खरंच विसरले.

जानेवारीपासून दळण मध्येच थांबू लागलं. घरघंटी आधी घरघरते, मग आवाज जाड होतो, आणि अकरा-बारा मिनिटांत खट्कन बंद. लाल दिवा लागतो. चाळीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तेच. बंद पडताना पिठाच्या डब्याच्या कडेने पीठ उडतं ते वेगळंच. ओटा, मिक्सर, देवघराचा पडदा, सगळ्यावर पांढरा थर बसतो. डब्याच्या रबराला चीर गेली आहे, मी बोट घालून पाहिलं.

मी वीज मंडळात बिलाच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं काढली. लिहून ठेवायची सवय तिथली. त्यामुळे आपल्या घरघंटीचीही एक वही झाली आहे. त्यातल्या तीन नोंदी जशाच्या तशा देते. ११ जानेवारी : ज्वारी ३ किलो, बारीक जाळी, ११ मिनिटांत बंद, दळलेलं पीठ दीड किलोच्या आत. १८ जानेवारी : गहू ३ किलो, मधली जाळी, १४ मिनिटांत बंद. २ फेब्रुवारी : तीच ज्वारी, या वेळी दोनच किलो, १२ मिनिटांत बंद. अशा एकोणीस नोंदी आहेत. पीठ गरम येतं याबद्दल माझी तक्रार नाही, गिरणीतूनही गरमच येतं. तेवढी ती ‘थंड दळण’ची ओळ जाहिरातीतून काढा म्हणजे झालं.

आपला तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पहिल्यांदा म्हणाला, मावशी, व्होल्टेज कमी असेल. आमच्या जुन्या ऑफिसातल्या वायरमनला बोलावून दळण चालू असताना मोजून घेतलं, २२६ व्होल्ट भरलं. दुसऱ्यांदा म्हणाला, ज्वारी ओली असेल. ती ज्वारी मी तीन दिवस गच्चीवर ऊन दाखवून आणलेली. दातांखाली टणकन फुटते. त्यालाही एक दाणा चावायला दिला. तो हसला आणि जॉब कार्डावर ‘ग्राहकाला वापर समजावून सांगितला’ असं लिहून गेला.

चौथ्या तक्रारीनंतर फोनवरच्या बाईंनी विचारलं, मॅडम, तुम्ही रोज इतकं दळताच का? त्या दिवशी मी समाजमाध्यमावर लिहिलं. सहा ओळी आणि वहीच्या पानाचा फोटो. एकही वाकडा शब्द नव्हता, हवं तर आपण पाहून घ्या.

त्यावर आपल्या संस्थापक साहेबांनी स्वतः उत्तर दिलं. “काकू, हे मशीन आहे, जातं नाही. मॅन्युअल वाचा. आणि हे लिहायला कोणत्या कंपनीने पैसे दिले तेही सांगून टाका. स्टीव्ह जॉब्स आणि इलॉन मस्क यांनीही रडणाऱ्यांचं ऐकलं असतं तर आज काहीच बनलं नसतं.” पुढे हसरा चेहरा. मग त्यांच्या चाहत्यांनी दोन दिवस माझा जो उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

‘काकू’चा राग नाही. भाजीवाल्यापासून बँकेतल्या मुलापर्यंत सगळे काकूच म्हणतात. पण नीट वाचलंत तर त्या उत्तरात मोटार नाही, अकरा मिनिटं नाहीत, फाटलेलं रबर नाही. आहे ती फक्त मी : माझं वय, माझं वाचन आणि माझी नियत.

खिडकीवर असताना एकदा एक गृहस्थ बिल नाचवत आले होते. दोन दिव्यांचं घर आणि बिल नऊ हजारांचं. माझ्या बापाचा उद्धार करूनच त्यांनी सुरुवात केली. मलाही वाटलं होतं, याला दाखवतेच. आमच्या साहेबांनी मला गप्प बसवलं आणि आधी रीडिंग तपासायला माणूस पाठवला. रीडिंग घेणाऱ्याने एक आकडा जास्त लिहिला होता. माणूस उद्धट होता आणि बरोबरही होता. बिल दुरुस्त करून दिलं तेव्हा त्यांनी माफी मागितली नाही, आम्हीही त्यासाठी अडून बसलो नाही.

साहेबांनी ॲपलचे जॉब्स आणि टेस्लाचे मस्क यांची नावं काढली, म्हणून मी ते प्रकरण मुळातून वाचलं. रिकामपण भरपूर आहे, पीठ तर होत नाही.

आयफोन ४ बाजारात आला २४ जून २०१०ला. कडेची स्टीलची पट्टी हाच त्याचा अँटेना होता, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर हात पडला की सिग्नल पडायचा. एका ग्राहकाने जॉब्सना विचारलं तर उत्तर आलं, तसा धरू नका. आपल्या साहेबांना आवडेल असंच उत्तर, मान्य. पण गोष्ट तिथे संपत नाही. १२ जुलैला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेने या फोनची शिफारस करता येणार नाही असं जाहीर केलं, आणि १६ जुलैला जॉब्स पत्रकारांसमोर उभे राहून म्हणाले की आम्ही परिपूर्ण नाही. अकड पूर्ण गेली नव्हती. इतरांच्या फोनलाही हेच होतं ते दाखवून झालं, तक्रार करणारे अर्धा टक्का आहेत हेही सांगून झालं. तरी प्रत्येक ग्राहकाला फुकट कव्हर दिलं, आणि नको असेल त्याला पूर्ण पैसे परत. फोन आल्यापासून बावीस दिवसांत. माझी पहिली तक्रार नोंदवून आज ब्याण्णव दिवस झाले.

मस्क यांचं तर एकाच महिन्यातलं दुहेरी रूप आहे. २०१८च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गुंतवणूकदारांसोबतच्या बैठकीत पैशांबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना त्यांनी कंटाळवाणे, मठ्ठ प्रश्न म्हणून झिडकारलं. शेअर घसरला आणि ऑगस्टमध्ये त्यांना त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच मे महिन्यात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्लाच्या मॉडेल ३ गाडीचे ब्रेक मोजले. ताशी ६० मैलांच्या वेगावरून थांबायला १५२ फूट लागले, फोर्डच्या अवजड पिकअपपेक्षाही जास्त. तेव्हा मस्क यांनी मॅन्युअल वाचा म्हटलं नाही. दोष दुरुस्त करता येण्यासारखा आहे असं जाहीरपणे लिहिलं, थोड्याच दिवसांत सॉफ्टवेअर बदलून पाठवलं आणि पुन्हा मोजलं तेव्हा अंतर १३३ फुटांवर आलं. मोजणाऱ्यांनी मग गाडीची शिफारसही केली. साहेबांनी मस्क यांच्याकडून नेमकं मे महिन्याच्या सुरुवातीचंच उचललेलं दिसतं.

माझा भाचा पुण्यात चिपच्या डिझाइनमध्ये आहे. हे सगळं ऐकून तो म्हणाला, मावशी, तुझ्या केसला खरी जुळते ती संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलची गोष्ट. १९९४ साली व्हर्जिनियातल्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात चूक सापडली. म्हणजे दळणाच्या वहीसारखंच, एक माणूस बसून पुन्हा पुन्हा तपासतो आहे. इंटेलला ही चूक आधीच माहीत होती. कंपनीचं म्हणणं पडलं की साध्या वापरात अशी चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा होईल. चिप बदलून हवी असेल तर आधी सांगा, तुम्ही असं कोणतं मोठं गणित करता? मला हे वाचताना फोनवरच्या त्या बाईच आठवल्या : तुम्ही रोज इतकं दळताच का?

लोक खवळले ते चुकीपेक्षा या प्रश्नाने. १२ डिसेंबरला संगणक बनवणाऱ्या आयबीएमने त्या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं. २० डिसेंबरला इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह नमले. मागेल त्याला चिप बदलून, काहीही न विचारता. खर्च धरला ४७ कोटी ५० लाख डॉलर. हे ग्रोव्ह काही मवाळ गृहस्थ नव्हते. आयुष्यभर तिखट बोलले, पण शेवटी चिप बदलून दिली.

आपल्याकडचंही एक उदाहरण फार जुनं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरी सर्व्हिस सेंटरबाहेर रांगेने धूळ खात उभ्या असल्याचा फोटो टाकला. कंपनीचे प्रमुख भाविश अगरवाल यांनी ते पैसे घेऊन लिहिलेलं आहे म्हटलं, कामरांच्या पडलेल्या करिअरवर बोट ठेवलं, आणि मदत करायची नसेल तर गप्प बसा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे आठ टक्क्यांनी खाली. त्याच सुमारास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली, ग्राहक हेल्पलाइनवरच्या दहा हजारांहून जास्त तक्रारींबद्दल. पुढे कंपनीने ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्याचं सांगितलं. तो हिशेब त्यांचा आणि प्राधिकरणाचा, मला त्यात पडायचं नाही. मला फक्त ‘पैसे घेऊन लिहिलं’ हे वाचून बरं वाटलं. म्हणजे आपल्या साहेबांना हेही स्वतःला सुचलेलं नाही.

मला पैसे कोणी दिले याचं उत्तर मात्र देते. २६,९९० रुपये दिले गेले आहेत, पण ते मी आपल्याला दिले आहेत.

आता मागणं. आपला माणूस पाठवून माझ्यासमोर पूर्ण हॉपर भरून दळण काढून दाखवा. निघालं तर चूक माझी, मी तसं लिहून देईन आणि मूळ सहा ओळींखालीही लिहीन. नाही निघालं तर मोटार आणि डब्याचं रबर बदला. तेही जमत नसेल तर यंत्र आपल्या खर्चाने परत न्या आणि पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा करा. तपासणीत जे निघेल ते संस्थापकांनी स्वतःच्या त्या उत्तराखाली दोन ओळींत लिहावं. माफी नको. उत्तर पुसूनही टाकू नये, राहू दे तिथेच.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. आपल्याकडून आजवर आलेली एकमेव पोच म्हणजे तो हसरा चेहरा. महिना उलटल्यावर मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करीन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. कारकुनी कागद कसा करायचा ते मला शिकवावं लागणार नाही.

माणूस पाठवणार असाल तर सोमवार सोडून पाठवा, त्या दिवशी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट बंद असते. सकाळी दहानंतर मी घरीच असते. आमच्या ज्वारीवर भरवसा नसेल तर येताना आपली पाच किलो आणा.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉब कार्डं, वहीच्या एकोणीस नोंदी, फाटलेल्या रबराचा फोटो, संस्थापकांच्या उत्तराची छापील प्रत.