तांड्याच्या खेळात केशर स्वस्त!

महोदय,
नातवंडांनी सुट्टीत 'सेंच्युरी: स्पाइस रोड' हा पटखेळ मांडला. इमर्सन मात्सुउची यांचा हा खेळ २०१७ साली आला. प्रत्येकाचा मसाल्याचा तांडा, त्यावर मावतात मसाल्यांचे फक्त १० ठोकळे. हळदीतून केशर, केशरातून वेलदोडा, शेवटी दालचिनी असं स्वस्ताकडून महागाकडे चढत जायचं. कशासाठी जागा राखायची, यावर मुलं तल्लीन होऊन डोकं चालवत होती. खेळ मनापासून आवडला.

पण सांगलीच्या हळद पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला केशर दालचिनीहून स्वस्त कसं पटावं? एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं हातानं खुडावी लागतात! शिवाय खेळात सगळा माल तांड्यावरच; खरं तर मलबारचा वेलदोडा आणि श्रीलंकेची दालचिनी आधी गलबतांतून अरबी बंदरांत जायची, उंटाच्या पाठीवर त्यानंतर.

आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून घाटवाटा चढायचे, फौजांच्या छावण्यांना रसद पुरवायचे. त्यांच्यावर मराठीत असा खेळ कुणीतरी करायलाच हवा. बैल, घाट, पावसाळ्यात अडलेली वाट, सगळं त्यात यावं. आपल्या मुलांच्या पुरवणीत तोवर लमाण मार्गांचा नकाशा छापाल का?

– एक निवृत्त अडते, सांगली