राखण

परळ, मुंबई
मार्चचा पहिला रविवार

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "राखण देणार की नाही, एवढंच सांग," आणि मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज सगळी निजल्यावर लिहायला बसलोय.

ऑगस्टमध्ये बाबा गेले आणि घराण्यातली राखण माझ्याकडे आली. तुला तो पाषाण आठवत असेल. चौथीच्या सुट्टीत तू आमच्या गावी आला होतास, तेव्हा मळ्याच्या टोकाला, कुंभ्याच्या झाडाखाली आपल्याला थांबवून काकांनी चपला काढायला लावल्या होत्या. तो आमचा राखणदार, मळा राखणारा देव. दर मे महिन्यात, चाकरमानी गावी असताना, तिन्हीसांजेच्या आधी तिथे कोंबडा द्यायचा, हीच राखण. गाऱ्हाणं घालताना घराण्यातल्या मुलग्यांची नावं एकेक करून घ्यायची आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तिथे शिजलेलं तिथेच खायचं, उरलेलं घरी आणायचं नाही. बायकांनी बांधाच्या अलीकडे थांबायचं.

अव्या, या बांधाबद्दलची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. १९८६ च्या मे महिन्यात, मी सात वर्षांचा असताना, कुंभ्याच्या खाली खेळताना पाय घसरून पडलो. गुडघा फुटला, मी रडायला लागलो. आत्या धावत आली, बांध ओलांडून तिने मला उचललं. दोन दिवसांनी मला ताप भरला, थंडी वाजून. कौल लावला गेला. ओले तांदळाचे दाणे पाषाणाला चिकटवले, डाव्या बाजूचा दाणा पडला. बाईमाणसाने शीव ओलांडली, हा त्याचा अर्थ काढला गेला. आत्याला भर दुपारी ओलेत्याने बांधापाशी उभं केलं आणि नाक घासून माफी मागायला लावलं. मी ओसरीवर गोधडीत गुंडाळून पडलो होतो. तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढं मला स्पष्ट दिसत होतं. चौथ्या दिवशी कणकवलीच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या आणि ताप उतरला. घरात मात्र आजतागायत सांगतात की राखणदाराने माफ केलं.

तरीही मी हे सगळं झटकून टाकू शकत नाही, आणि तुझं-माझं इथेच वाजतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आपल्या चाळीत काय काय विकलं गेलं ते तू ऐकलं आहेस. भांडी गेली, मंगळसूत्रं गेली, कित्येकांच्या गावच्या जमिनी गेल्या. आमचे काकासुद्धा मळा विकायला निघाले होते. कौल लावला, राखणदाराने नाही म्हटलं आणि व्यवहार मोडला. त्या मळ्यातला उकडा तांदूळ गोणीत भरून एसटीच्या टपावरून परळला यायचा. त्याच्या पेजेवर आम्ही ते दिवस काढले. बाबांच्या लेखी तो पाषाण आमचा अन्नदाता होता. मलाही तो तसाच वाटतो, हे तुला खरं सांगतो.

पण ज्या भीतीने मळा वाचला, त्याच भीतीने आत्याचं नाव खाल्लं. आजोबा १९८७ ला वारले. १९५६ च्या कायद्याप्रमाणेसुद्धा बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस असतेच, पण हे तिला कोणी सांगितलं नाही. १९९१ ला तिला तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. वर अंगठाही घेतला. कारण काय, तर बाईच्या नावावर जमीन लागली की राखण चालत नाही. परत येताना मी तिच्या शेजारी बसलो होतो. अंगठ्याची निळी शाई ती पदराच्या टोकाला पुसत होती. डाग काही गेला नाही.

आता तोच कागद ताईसमोर आलाय. सातबाऱ्यावर बाबांच्या जागी वारस नोंद व्हायची आहे: आई, ताई आणि मी. चुलतभाऊ दिवाळीत मजकूर टाइप करूनच घेऊन आला. म्हणाला, "बायलमाणसाच्या नावान राखण चलना नाय." मी त्याला शांतपणे सांगितलं की महाराष्ट्राने १९९४ ला आणि केंद्राने २००५ ला मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिलाय, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा पक्का केलाय. तो म्हणाला, "कोर्ट राखणीक येता काय?" मी कागद घडी घालून त्याच्या हातात परत दिला. ताई सही करणार नाही. मी तिला करू देणार नाही.

मागच्या आठवड्यात आत्याकडे जाऊन आलो. वकिलाने सांगितलं होतं की नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र असं सहज मागे फिरत नाही. आमच्या वाट्यातून तिला काय देता येईल ते आई, ताई आणि मी बघतोय, असं मी तिला म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माका जमीन नको हुती रे. पण नाव रवाक होया हुता."

तेव्हा ऐक. मी राखण देणार आहे. कोंबडा हवा तर कोंबडाही देईन, त्यावरून मला भांडायचं नाही. पण गाऱ्हाणं मी घालणार, आणि त्यात ताईचं नाव घेणार, आत्याचं घेणार, माझ्या लेकीचंही घेणार. "व्हय म्हाराजा" म्हणायला कोण उरतं ते तिथे दिसेलच.

ताईला विचारलं, पाषाणापर्यंत येशील का? ती लगेच म्हणाली, "आत्येक घेऊन जाऊया." आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे. गुडघे गेलेत, मळ्याच्या वाटेवरून तिला चालवणार नाही. खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागेल. एका बाजूला मी आहे, दुसऱ्या बाजूला धरायला घरातलं कोणी येईल असं वाटत नाही. तू येशील का? तुतारी एक्स्प्रेसचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं आणि मे महिन्यातली तिकिटं हातोहात जातात. या आठवड्यातच कळव.

तुझा,
मन्या