मुंज्याच्या गावात मुन्नी कुठून आली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन-तीन वर्षांत मी तिकीट काढून जे चित्रपट पाहिले, त्यांतले निम्म्याहून जास्त भयपट नाहीतर थरारपट होते. घरात अकरावीतला मुलगा आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई आहे. आम्हा तिघांना एका रांगेत बसवील असा दुसरा प्रकार सध्या फारसा लागतच नाही. या चित्रपटांबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात साचली आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात ‘मुंज्या’पासून करते. आदित्य सरपोतदार यांचा हा हिंदी चित्रपट जून २०२४ मध्ये आला आणि कमाईत शंभर कोटींच्या पुढे गेला. मी शाळेत मराठी शिकवते. त्या दिवसांत आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “बाई, मुंज्या खरंच असतो का?” असतो की नसतो हे राहिलं बाजूला, मला मुंज म्हणजे काय आणि सोडमुंज म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. मुंज लागली पण सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडण्याचा विधी, व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो पिंपळावर राहतो अशी समजूत, आणि म्हणून गावात पिंपळाच्या पाराला अजून लोक वचकून असतात, हे सांगत होते तेव्हा वर्ग चिडीचूप होता. एरवी खिडकीबाहेर बघणारी मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत होती. तो तास मला त्या चित्रपटामुळे मिळाला, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पण त्याच चित्रपटात एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. १९५२ सालचं कोकणातलं गाव, ब्राह्मणाघरचा मुंजीच्या वयाचा गोट्या, आणि त्याचा जिच्यावर जीव जडलाय त्या मुलीचं नाव मुन्नी! कोकणात, १९५२ साली, मुन्नी? ती कुसुम असती, शालन असती, सुमन असती. लाडाने बेबी किंवा ताई म्हणाले असते. तोवर मी त्या गावात होते, वाडीतला काळोख मला दिसत होता. नाव कानावर पडलं आणि मी उठून पुन्हा चित्रपटगृहातल्या खुर्चीत येऊन बसले. त्यानंतर चित्रपट आवडला, भीती मात्र वाटली नाही.

मराठीत दचकणं वेगळं आणि धास्ती बसणं वेगळं. अचानक कर्कश आवाज केला की कोणीही दचकेल, मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. हल्लीच्या बऱ्याच भयपटांचं सगळं भांडवल तेवढंच असतं: दोन मिनिटं शांतता आणि मग कानठळ्या. धास्ती घरापर्यंत सोबत येते. ती कशातून येते, तर लहानपणी कानावर पडलेल्या शब्दांतून. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको. रात्री शीळ घालू नको. पाणंदीतून मागे वळून बघू नको, हाक आली तरी ओ देऊ नको. हे सगळं मला आजीने मालवणीत सांगितलेलं आहे. ते मला कोणी हिंदीत ऐकवलं तर समजतं, पण अंगावर काटा येत नाही.

याला एकच अपवाद सांगते, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा कोणी पाहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मीही तो दुसऱ्या खेपेलाच पाहिला. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, सोवळं-ओवळं आणि लोभ, सगळं आपलं. त्यात हस्तर या शापित देवाला गुंतवून ठेवायला नायक विनायक सोन्याच्या लोभाने कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो. कणीक, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यासाठी परातीत कणीक तिंबताना माझा हात मध्येच थांबला. याला म्हणतात भयपट. एवढं झाल्यावरही मला विचारावंसं वाटतं: या कल्पनेचं बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीत आहे हे बर्वे यांनी स्वतः सांगितलेलं आहे. १९२५ साली जन्मलेल्या मराठी भयकथाकाराची गोष्ट, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, दिग्दर्शक मराठी. मग मराठीत का नाही?

विशाल फुरिया यांचंही तेच. ‘लपाछपी’ त्यांनी २०१७ मध्ये मराठीत केला. पूजा सावंत, उषा नाईक आणि तो उसाचा फड! उसात शिरलं की पातीने हातावर चरे उठतात आणि हातभर पुढचं दिसत नाही, हे ज्याने अनुभवलंय त्याला त्या फडात वेगळं भूत दाखवायची गरज नाही. २०२१ मध्ये त्याचाच ‘छोरी’ झाला, हिंदीत. सरपोतदारांनी २०२२ मध्ये आम्हा डोंबिवलीकरांवर ‘झोंबिवली’ काढला, तोही मराठीत, आणि आम्ही तो आवडीने पाहिला. त्यानंतर ‘मुंज्या’, मग ‘थामा’, दोन्ही हिंदी. मी या दिग्दर्शकांना दोष देत नाही. पैसा तिकडे आहे, पडदे तिकडे आहेत, घर त्यांनाही चालवायचं असतं. पण मराठीत भीती विकत नाही, हे जे सरसकट ऐकवलं जातं ते मला मान्य नाही.

‘कांतारा’ने कर्नाटक किनाऱ्यावरच्या तुळुनाडूचं भूतकोला, म्हणजे अंगात दैवत येण्याचा नृत्यविधी, कन्नडमधून देशभर नेलं. ‘भ्रमयुगम’ २०२४ मध्ये मल्याळममध्ये आला, तोही कृष्णधवल. एक पडका वाडा, बाहेर पाऊस आणि मामूटी. माझ्या मुलाने तो खालची अक्षरं वाचत पाहिला आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपला. त्या लोकांनी आपली भाषा सोडली नाही, म्हणून काही अडलं नाही.

आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ लागला. आमचं मूळ गाव कुडाळ तालुक्यातलं, त्यामुळे आईला घेऊन गेले. गोष्ट सांगून टाकत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. थरारपट आहे, मालवणी बोलतो आणि त्यात दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याचा वय झालेला कलावंत आहे. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर तोंडाला रंग लावायला बसतात, तेव्हा आई माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाली, “आमच्या जत्रेक येयचो तोय असोच बसायचो.” मग पुढचा अर्धा तास तिने हात काढला नाही. जत्रेत रात्री दशावतारातला संकासूर राक्षस यायचा, काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि पोरं आयांच्या पदरात शिरायची. मीही शिरलेय. चित्रपटगृहात त्या दिवशी आई माझ्या जवळ सरकली होती. खेळ भरलेला होता, आणि सुटल्यावर जिन्यात लोक मोठमोठ्याने मालवणीत बोलत होते, जे डोंबिवलीत एरवी फारसं ऐकू येत नाही.

जाता जाता आणखी एक. एका भयपटाच्या रात्री दहाच्या खेळाला आमच्या मागच्या रांगेत तीन-एक वर्षांचं मूल होतं, आणि ते अखेरपर्यंत हमसून हमसून रडत होतं. दारावर कोणी काही विचारलं नव्हतं. २०२४ च्या नियमांपासून सेन्सॉर बोर्डाच्या ‘यूए’ प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे वयोगट आले आहेत. त्यात निर्णय पालकांवर सोडलेला आहे, पण पालकांना ते ठाऊक तर हवं. आपल्या परीक्षणांच्या चौकटीत कलाकारांच्या नावांसोबत हा वयोगटही छापावा, ही विनंती.

निर्मात्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत, कपाटं भरून गोष्टी आहेत. देवचार, गिऱ्हा, खवीस, हडळ, जखीण ही मंडळी अजून मराठी पडद्यावर धड आलेलीच नाहीत. ती आणा, आणि त्यांना मराठीत बोलू द्या. पहिल्या आठवड्यात तिकीट काढून आम्ही तिघं येऊ. आईने तर आत्ताच विचारून ठेवलंय, पुढचा कधी लागतोय म्हणून.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली