रेवास, सहीच्या आधी

बडोदे, सोमवार

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही, म्हणजे राग अजून आहे. असू दे. "आई, तुला चित्रं कळत नाहीत, कागद कळतात," असं तू स्टेशनवर म्हणालीस. ते खरंच आहे, म्हणून कागदाबद्दलच लिहिते. फरसाणवाल्या कंपनीचा तुझ्या चित्रांबद्दलचा करार तू टेबलावर विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, कोण जाणे. सही केली नसशील तर अजून करू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

पण त्यातलं सातवं कलम वाचल्यावर एवढ्यावर थांबवत नाही. बारा पाकिटांची चित्रं आणि ते ढोलवाल्याचं पात्र, सगळ्यांचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे. रक्कम एकरकमी साठ हजार. आणि खाली एक वाक्य: 'कलम 19(4) लागू होणार नाही.' हे वाक्य उगाच येत नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा, आणि त्यातलं 19 वं कलम तुझ्यासारख्यांच्या बाजूचं आहे. हक्क लिहून द्यायचे तर कागदावर आणि तुझ्या सहीनेच. कोणतं चित्र, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती पैशांत, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन त्यांनी वर्षभर वापरलाच नाही तर तो सुटतो, तेच हे 19(4), पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. जिथे रिकामी जागा तुझ्या फायद्याची, नेमकं तिथेच कंपनीचा वकील 'कायमचे' लिहितो.

यावरून 'मग काही लिहायलाच नको' असं समजू नकोस. तुझ्या वर्गातले निम्मे लोक असंच समजतात. कलम 17 प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. पाकिटावरचं रेखाचित्र त्यात बसतं का, यावर वकील वाद घालतील, पण तुझ्या खर्चाने. नोकरीत काढलेलं तर मालकाचंच असतं, तेव्हा जुन्या स्टुडिओतल्या फायली कुणाला विकायला जाऊ नकोस. पोर्टफोलिओत दाखवायलाही त्यांचा लेखी होकार घे.

तुला द्यायचा आहे तो परवाना, मालकी नव्हे. आजीने सुरसागराजवळच्या खोल्या भाड्याने दिल्या, विकल्या नाहीत, म्हणून तुझी फी भरता आली, चित्राचंही तसंच. मेलमध्ये इतकंच लिही: 'कॉपीराइट माझ्याकडे राहील. पूर्ण रक्कम जमा झाल्यावर कंपनीला ही बारा चित्रं फरसाणाच्या पाकिटांवर, त्यांच्या जाहिरातींत आणि वेबसाइटवर, भारतात, तीन वर्षं वापरण्याचा परवाना मिळेल. त्या काळात मी ती दुसऱ्या फरसाणवाल्याला देणार नाही. टी-शर्ट, खेळणी, अ‍ॅनिमेशन आणि परदेशातली विक्री यांचे दर वेगळे. चित्रं कोणत्याही एआय मॉडेलला शिकवण्यासाठी वापरता येणार नाहीत.' शेवटचं वाक्य काढायला सांगतील. काढू नकोस.

ढोलवाल्याचं मात्र वेगळं आहे. तो त्यांचं बोधचिन्ह होणार, ते त्याचा ट्रेडमार्क घेणार, आणि तीन वर्षांनी तो परत मागणारी चित्रकार कुणालाच नको असते. त्याचे हक्क विकून टाक, पण त्याला वेगळी ओळ आणि वेगळी किंमत लाव. बारा पाकिटांच्या गठ्ठ्यात फुकट बांधून देऊ नकोस.

बघ, झालं भाषण सुरू. चहा घेऊन येते.

करारातलं अकरावं कलम तू पाहिलंस का? 'कलाकार आपले नैतिक हक्क सोडून देत आहे.' हे खोडायला सांग. कॉपीराइट कायद्याचं कलम 57 लक्षात ठेवायला सोपं, 1957 चा कायदा आणि 57. चित्राचे हक्क विकले तरी ते तुझं आहे हे सांगण्याचा हक्क, आणि कुणी ते विद्रूप करून तुझ्या नावाला बाधा आणली तर हरकत घेण्याचा हक्क, तुझ्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प 1979 मध्ये सरकारने उतरवून ठेवून दिलं. ते कोर्टात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. जिंकले, पण तोवर सव्वीस वर्षं गेली होती. म्हणून म्हणते, जे कोर्टात मागायचं ते सहीच्या आधी मागावं.

नावाबद्दल तुला मी काय शिकवणार म्हणा. दांडिया बाजारातल्या गणपतीच्या पोस्टरवर नाव छापलं नाही म्हणून नववीत असताना तू काळं मार्कर घेऊन रात्री बाहेर पडली होतीस आणि प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात 'रेवा' लिहून आली होतीस. नंदाआत्या म्हणाली, पोरगी हाताबाहेर गेली. बाबांनी दुसऱ्या दिवशी सायकलवरून फिरून सगळी पोस्टरं पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, र चा वळसा झकास काढलाय. ती मुलगी आता पन्नास पानांच्या पीडीएफवर न वाचता सही करते म्हणते, तेव्हा मला झोप येत नाही.

आता पैसे. करारात लिहिलंय, 'मंजुरीनंतर 90 दिवसांत'. मंजुरी कोण देणार, किती दिवसांत देणार, काही नाही. मार्केटिंगचा माणूस बदलला की मंजुरी लोंबकळते, आणि 90 दिवसांचं घड्याळ चालूच होत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, चोरीने नाही. तू उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारी नोंद, कर, आणि काम हाती घेण्याच्या आधी कर; नंतर केलेल्या नोंदणीचा मागच्या बिलांना उपयोग होत नाही. आधार आणि पॅन लागतं. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे मग करारात काहीही लिहिलेलं असो, 45 दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस. आणि काम पोचल्यापासून 15 दिवसांत त्यांची लेखी हरकत आली नाही, तर पोचवलं तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणून फायनल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळी होऊ नकोस. मेल कर, विषयात बिल नंबर घाल. उशीर झाला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ. तक्रार सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर करायची, ती अशी थकलेली बिलं सोडवणाऱ्या तुझ्या भागातल्या सरकारी परिषदेपुढे जाते, करारात दिल्लीचं कोर्ट लिहिलेलं असलं तरी. निकाल विरुद्ध गेला आणि त्यांना तो रद्द करून हवा असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. बहुतेक वेळा हे सगळं करावं लागत नाही, बिलावर उद्यम नंबर दिसला की पुरतं. 2024 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःच विचारतात.

निम्मी रक्कम आगाऊ घे. ती आल्याशिवाय पेन्सिल उचलू नकोस. स्केचवर दोन फेऱ्या बदल, रंगावर एक, पुढे तासाचा दर. काम मध्येच बंद केलं तर स्केचच्या टप्प्यावर 30 टक्के आणि रेषा पक्क्या झाल्यावर 60 टक्के त्यांनी द्यायचे, हे लिहून घे, नाहीतर 'डायरेक्शन बदललं' म्हणून आठवडे वाया जातात. मंजुरीसाठी 72 डीपीआयची, म्हणजे छपाईला न चालणारी, आडव्या वॉटरमार्कची जेपीजी दे. छपाईची 300 डीपीआयची सीएमवायके पीडीएफ, कापणीसाठी कडेला 3 मिमी जादा ब्लीडसकट, उरलेली रक्कम जमा झाल्यावर. चित्राचे भाग सुटे करता येतात ती लेअरवाली मूळ फाइल द्यायचीच नाही; मागितली तर वेगळी किंमत. ती एकदा गेली की त्यांचा आतला मुलगा तुझा ढोलवाला कापून दिवाळीच्या डब्यावर, होळीच्या पिचकारीवर, कुठेही चिकटवतो. आणि 'कोणताही दावा आल्यास संपूर्ण नुकसान कलाकार भरेल' हे चौदावं कलम फीच्या रकमेपुरतं मर्यादित करून घे. संदर्भ म्हणून त्यांनी पाठवलेल्या फोटोंची जबाबदारी त्यांची.

सुरतेच्या चणियाचोळीवाल्याचं काम घेतलंस तर वेगळी काळजी. कापडावरचा नमुना डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्यासारखा असून नोंदलेला नसेल, तर कारखान्यात त्याचे पन्नासाहून जास्त नग निघाले की कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 15. नोंदणी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली, आणि नमुना कुठेही दाखवण्याआधी अर्ज करायचा. आधी इन्स्टाग्रामवर टाकलास की तो नवा राहत नाही. नवरात्राच्या उत्साहात सगळे हेच करतात.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण ढोलवाल्याची करून ठेव, हक्क विकायच्या आधी. मालावर वापरायच्या चित्राला 2000 रुपये फी आहे आणि तसा ट्रेडमार्क आधी कुणाचा नाही असा ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला लागतो, साध्या चित्राला 500. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट पाठवायचा विश्वासकाकांचा उपाय सोडून दे, त्याने काही नोंदलं जात नाही. कच्ची स्केचेस तारखेसकट जपून ठेव, ती जास्त कामाची. टीडीएस कापला तर तो आयकर खात्याच्या साइटवर तुझ्या नावावर दिसतो का ते बघ. जीएसटीचा प्रश्न वर्षाची उलाढाल 20 लाखांपलीकडे गेली की, आणि ती जावी.

इतकं लिहिल्यावर वाटतंय की तू हे वाचून म्हणशील, आईला फक्त भीतीच वाटते. वाटते. फाइन आर्ट्समधून तू पहिल्या वर्षी घरी आणलेला तो पितळी लोट्याचा स्टडी बाबांनी देवघराशेजारी लावलाय, आल्यागेल्याला त्यातली चकाकी दाखवतात. मीही दाखवते, तू नसताना. ज्या हाताने तो काढला त्या हाताचं मनगट तू या वेळी सारखं चोळत होतीस. म्हणजे जास्त काम कमी पैशांत चाललंय. दर वाढवले तर कामं कमी घेता येतील, आणि मनगटालाही आराम पडेल. आता हेही बोलायला नको होतं, माफ कर.

सही केली असशील तरी सांग. रागावणार नाही. पैसे यायच्या आधी बोललं तर पुरवणी करार करता येतो.

बाबांना फोन करतेसच, मध्ये माझ्याशीही बोल.

तुझी,
आई

ता.क. उद्यमची नोंदणी सरकारी साइटवर फुकट आहे. शोधलं की वरती पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट दिसतात, शेवटी gov.in आहे ना, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन', ते बघ. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तुझं आधार अजून बाबांच्या नंबराला जोडलेलं आहे, तेव्हा ते घरी असतील अशा वेळी, रात्री नऊनंतर कर.