ऋण म्हणजे कर्जच

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, निघताना तुम्ही विचारलंत, “ऋणभारित म्हणजे शेवटी कर्जबाजारीच ना?” मी हसून बॅग उचलली. एसटी मोहदरी घाट चढेपर्यंत पटलं, तुमचं अगदी बरोबर आहे.

पीएचडीला मी ज्याचा अभ्यास करते तो माझा रेणू म्हणजे सहा कार्बन एका रांगेत आणि टोकाला एक हायड्रोजन. त्याने एक इलेक्ट्रॉन उसना घेतला की तो ऋणभारित झाला. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हा वसुलीवाला, गाठ पडली की इलेक्ट्रॉन काढून नेतो. म्हणून वृषभ राशीतल्या एका काळ्या ढगात, जिथे तो उजेड आत शिरतच नाही, तिथे हे रेणू टिकतात. थंडी म्हणाल तर उणे 263. निफाडला पारा चारवर आला की द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या पेटवतात, तिथे कोण पेटवणार?

गंमत म्हणजे 1995 साली जपानच्या नोबेयामा दुर्बिणीला सिंह राशीतल्या एका ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या वर्णपटात सारख्या अंतरावरच्या काही रेषा सापडल्या, म्हणजे कुठल्यातरी रेणूच्या ओळखखुणा. कोणाच्या, ते कळेना. 2006 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत हाच रेणू बनवून मोजला, तेव्हा जुळल्या. अकरा वर्षं बिननावाच्या! (आई, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरी मिळाली तर घराजवळ होईल, हे खरं. पण तिथल्या अँटेना खालच्या पट्टीतलं ऐकतात, माझे रेणू वरच्या पट्टीत गातात.)

असे रेणू आम्ही लॅबमध्ये थंडगार सापळ्यात धरतो आणि लेझर टाकून इलेक्ट्रॉन कधी सुटतो ते बघतो. आत हवेचा मागमूस चालत नाही. पावसाळ्यात तीन आठवडे निर्वात काही जमेना. पंप बदलून पाहिला, वायरी तपासल्या. शेवटी जोडावर बाहेरून हेलियम फवारला तेव्हा गळती सापडली. तांब्याची गॅस्केट एकदा दाबली गेली की फेकायची असते. मी काटकसर म्हणून तीच पुन्हा बसवली होती. तुम्ही बाथरूमच्या नळाचा जुना वायसर पलटून लावता ना, अगदी तस्सं. सरांना मी हे कुळाचार म्हणून सांगितलं नाही.

त्या तीन आठवड्यांत आधीचे रेंगाळलेले महिने धरा. प्रबंध मार्चपर्यंत होत नाही, जुलै उजाडेल. फेलोशिप मात्र मार्चलाच संपते. चार महिने खोलीचं भाडं आणि मेस तुमच्याकडून घ्यावी लागेल. दिवाळीत चार दिवस घरी होते, चकल्या तळताना आईला सांगायचं होतं, जीभ रेटली नाही. प्रेसमधून रिटायर झाल्यावर तुम्ही एकेक रुपयाचा हिशेब वहीत लिहिता, ते मला ठाऊक आहे. त्याच वहीत माझ्या नावाचं पान उघडा, बाबा. उसने म्हणून लिहा.

आई, भिशीत कोणी विचारलं तर “अजून सहा-आठ महिने” एवढंच सांग. चिवडा संपला. नळ अजून गळत असेल तर या वेळी वायसर नवा आणा.

तुमची,
छोटी