पाषाणच्या ताईला जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सा. न.

चिकट जाळीतून रेणू कसे पसरतात, यावरचा माझा थिसिस एकदाचा जमा झाला. ऋणनिर्देशात तू आहेसच, पण ‘मोलाचे मार्गदर्शन’ एवढ्यावरून तू नेमकं काय केलंस ते कुणालाच कळणार नाही. म्हणून हे पत्र.

अगार, म्हणजे समुद्री शेवाळापासूनची जेली, भरलेल्या दोन टेस्ट ट्यूब घेऊन मी पुण्यात पाषाणला तुझ्या लॅबमध्ये आलो होतो. वरून रंग ओतलेले: एकीत लाल इओसिन, दुसरीत निळा मिथिलीन ब्लू. इओसिनचा रेणू दुपटीहून जड, तरी लाल रंग पार खाली उतरलेला आणि निळा वरच्या थरातच गडद होऊन बसलेला. तू ट्यूब खिडकीच्या उजेडाकडे धरलीस आणि विचारलंस, “या निळ्यावर विद्युतभार कुठला?” धन. अगारमधले सल्फेट गट ऋण. निळा रेणू जागोजागी चिकटत होता, सुटत होता. मोकळं फिरण्याच्या ९ पट वेळ चिकटण्यात गेला, तर विसरणाचा, म्हणजे आपोआप पसरत जाण्याचा, वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. हे गणित पुस्तकात मिळतं.

तू मात्र तिथे थांबली नाहीस. “चिकटलेला रेणू जागचा हलत नाही, असं कुणी सांगितलं?” लक्ष्मी रोडवर दुकानदाराशी बोलायचं तर उभं राहावं लागतं, चालणारं ओळखीचं माणूस भेटलं तर बोलत बोलत चार पावलं पुढे जाता येतं, हे तुझंच. जाळी ज्याची बनते त्या पॉलिमरची, म्हणजे लांबलचक रेणूची, साखळी लवचीक असली की तिचा तुकडा डुलतो आणि त्याला धरलेला कणही सरकतो. सुटतो तो नव्या जागी. पण साखळीला लांबीची मर्यादा आहे. पकड फार वेळ टिकली तर कण तिथल्या तिथेच हेलकावे खातो. साखळी लांब आणि सैल हवी, पकड क्षणभराची.

मग तू पेशीकेंद्रकाच्या आवरणातल्या छिद्राकडे वळलीस, जिथून प्रथिनं आत-बाहेर करतात. तिथल्या प्रथिनांच्या सैल धाग्यांवर फेनिलअ‍ॅलनिन-ग्लायसिन या अमिनो आम्लांच्या जोड्या असतात. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठं प्रथिन तिथे सहसा अडतं. ९७ किलोडाल्टनचं इम्पॉर्टिन-बीटा हे माल वाहून नेणारं प्रथिन मात्र त्याच जोड्या धरत-सोडत काही मिलिसेकंदांत पलीकडे. न चिकटणाऱ्या मोठ्या प्रथिनाला ते धागे आत घेतच नाहीत! माझं तिसरं प्रकरण सगळं यावर उभं आहे.

व्हायवाला नक्की ये. फक्त पहिल्या रांगेत बसू नकोस, तुझे प्रश्न मला परवडायचे नाहीत.

तुझा,
विद्यापीठातला धाकटा भाऊ